सड्यावरचा रिपीटर कोणाचा?

तिळारी धरणातून सुटलेले पाणी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातून खाली उतरते आणि गोव्याच्या हद्दीत शिरले की दोन तालुक्यांच्या मधून वाहू लागते. उजव्या काठाला पेडण्यातले इब्रामपूर, चांदेल, हसापूर. डाव्या काठाला डिचोलीतले साळ. पुढे बार्देशची हद्द लागते, नदीचे नाव शापोरा होते आणि मोरजीपाशी ती समुद्राला मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी एकदमच आले, तेव्हा या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत पाणी घुसले आणि माणसांना बोटींनी बाहेर काढावे लागले. धरण एका राज्यात, बुडणारी घरे दुसऱ्या राज्यात; त्यातही एका काठाचा मामलेदार पेडण्यात बसतो, समोरच्या काठाचा डिचोलीत. अशा वेळी पाणी पोचायच्या आत बातमी पोचली पाहिजे, एवढीच काठावरच्यांची अपेक्षा असते. दर आपत्तीनंतर त्यावर दोन उपाय सुचवले जातात. मोबाइलचे मनोरे वाढवा, हा पहिला. त्यावर गावोगावच्या ग्रामसभांत पुरेशी भांडणे झाली आहेत. दुसरा उपाय बिनतारी संच बाळगणाऱ्या हौशी मंडळींचा: रिपीटर वाढवा. त्याचा नीट विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. या दोन तालुक्यांना सामायिक रिपीटर हवा, पण पुष्कळ नकोत. एक पुरे, फार तर दोन. आणि तोसुद्धा त्यावर बोलणारी परवानाधारक माणसे नदीकाठच्या गावांत तयार झाल्यावर.

रिपीटर हे प्रकरण मुळात अवघड नाही. हातातल्या वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. सपाट, मोकळ्या जागी अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला चारने गुणावे, म्हणजे रेडिओचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे याचा अंदाज येतो. उभ्या माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याचे क्षितिज पाच किलोमीटर. दोघे समोरासमोर असले तर कागदावर दहा. प्रत्यक्षात काजूची राने, माडांची बने, नदीकाठचे चढउतार आणि घरांच्या चिरेबंदी भिंती यांतून दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी नशीब समजावे. आता हाच हिशेब दीडशे मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, करून पाहा: क्षितिज एकदम पन्नास किलोमीटरवर जाते. रिपीटर म्हणजे अशा उंचीवर ठेवलेला एक संच. तो एका वारंवारतेवर दुबळा आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोराने पुन्हा सोडतो. दोन मीटर पट्ट्यात या दोन वारंवारतांमध्ये सहसा सहाशे किलोहर्ट्झचे अंतर असते. ऐकणे आणि बोलणे एकाच अँटेनावर एकाच वेळी चालते, त्यामुळे स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये धातूच्या नळकांड्यांचा डुप्लेक्सर बसवतात. सगळ्या यंत्रणेत नाजूक भाग तोच. इब्रामपूरचा माणूस आणि डिचोली शहरातला माणूस एकमेकांना ऐकू शकत नसले, तरी सड्यावरचा रिपीटर दोघांना ऐकतो आणि दोघांना ऐकवतो.

हे वापरायचे कोणी, इथे कायदा आडवा येतो. भारतात सामान्य माणसाला परवान्याशिवाय मिळणारा वॉकी-टॉकी म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधला, अर्ध्या वॅटचा. तो संच ते संच बोलण्यासाठी आहे, रिपीटरसाठी नाही. सत्तावीस मेगाहर्ट्झचा पाच वॅटांचा सिटिझन बँडही परवानामुक्त आहे, पण त्याचे संच इथल्या बाजारात शोधूनही सापडत नाहीत. कंपन्यांना, हॉटेलांना आणि खाणींना स्वतःपुरता परवाना मिळतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात बिनतारी संच नवे नाहीत, पण ती बोलणी त्या कंपनीच्या कुंपणाबाहेर येत नाहीत आणि कायद्याने यायचीही नाहीत. मग उरतो हौशी रेडिओ, म्हणजे हॅम. बारा वर्षांवरील कोणीही परीक्षा देऊन परवाना घेऊ शकतो, त्याला व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे कॉलसाइन मिळते, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा दोन मीटर पट्टा त्याला खुला होतो आणि रिपीटरही वापरता येतो. मात्र व्यापारासाठी बोलायचे नाही, सांकेतिक भाषा वापरायची नाही आणि परवाना नसलेल्या शेजाऱ्याच्या हातात संच द्यायचा नाही. तेव्हा 'गावाचा रिपीटर' असे ज्याला म्हणता येईल, ज्यावर पंच, शिक्षक, पाववाला पोदेर आणि होडीवाला सारखेच बोलतील, असे काही भारतीय कायद्यात आज नाही. आज आहे तो हॅम मंडळींचा रिपीटर. ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी संच या भेदाची पर्वा करत नाहीत. वारंवारतेचा आणि परवान्याचा नीट खुलासा न करता ते विकले जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये बाजारपेठ-संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात मार्गदर्शक नियमही आणले. असा संच विकत घेणे दोन मिनिटांचे काम असले, तरी त्यावर कायदेशीर बोलण्याचा अधिकार त्या डब्यात येत नाही.

गरज खरी आहे का, हे आधी पाहू. तौक्ते चक्रीवादळ १५ आणि १६ मे २०२१ या दोन दिवसांत गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले. झाडे आणि विजेचे खांब ठिकठिकाणी आडवे झाले आणि काही भागांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी पडलेल्या झाडापाशी अडकलेली. बरे, मनोरा उभा राहिला तरी त्याला मागे जोडणारी फायबरची तार अनेकदा त्याच खांबांवरून गेलेली असते. साध्या दिवसांतही या भागात सगळीकडे रेंज असते असे नाही. २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या तेव्हा सत्तरी आणि सांगे भागांतली मुले डोंगरावर चढून धडे घेत होती, हे सगळ्या राज्याने पाहिले. तेव्हा 'आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे' हा आक्षेप एरवी बरोबर असला, तरी नेमक्या संकटाच्या तासांत तो कमकुवत पडतो. सरकारने इशारा देण्याच्या यंत्रणा उभारल्या आहेत: राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, आणि 'सचेत'चे इशारे आता थेट फोनवर येतात. पण इशाऱ्याचा भोंगा आणि फोनवरचा संदेश दोन्ही एकाच दिशेने जातात. साळच्या वाड्यावर पाणी रस्त्याला लागले आहे, अमुक घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे भोंग्याला सांगता येत नाही. उणीव आहे ती खालून वर जाणाऱ्या या निरोपाची.

इथे एक सावधगिरी घ्यावी लागते. रेडिओचे पुरस्कर्ते प्रत्येक दुर्घटनेला आपल्या बाजूचा पुरावा करून टाकतात, आणि त्याने त्यांचीच बाजू दुबळी होते. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. तिथे रिपीटर असता तर हे टळले असते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जत्रा एका गावात भरते. तळीपासून होमखणापर्यंतचे अंतर हातातला साधा संच सहज कापतो. तिथले प्रश्न उतारावरच्या चिंचोळ्या वाटेचे, धोंडांच्या, म्हणजे व्रतस्थ भक्तांच्या, लोंढ्याच्या नियोजनाचे आणि बंदोबस्ताचे. स्वयंसेवकांच्या हाती परवानामुक्त अर्ध्या वॅटचे संच असणे चांगलेच, पण त्यासाठी डोंगरावर काही बसवावे लागत नाही. रिपीटर कुठे लागत नाही हे आधी ठरवले की तो कुठे लागतो ते आपोआप स्पष्ट होते: जिथे दोन वस्त्यांमध्ये डोंगर आहे, जिथे एकाच प्रसंगाचे दोन टोकांचे साक्षीदार पंधरा-वीस किलोमीटरवर आहेत, आणि जिथे निरोप मधल्या सगळ्यांनी एकाच वेळी ऐकायला हवा. तिळारी-शापोऱ्याचे खोरे या तिन्ही कसोट्यांना उतरते. वाळवंटीच्या काठचे साखळी आणि कारापूर हे दुसरे उदाहरण, थोडे कमी जोराचे. कारण साखळीला पूर येतो तेव्हा डिचोली शहर हाकेच्या अंतरावर असते आणि रस्ते अनेक आहेत.

जगात ज्यांनी ही वाट आधी चोखाळली त्यांचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेत परीक्षेशिवाय, पस्तीस डॉलरांत दहा वर्षांसाठी आणि संपूर्ण कुटुंबाला चालणारा जीएमआरएस परवाना मिळतो. त्यात पन्नास वॅटांपर्यंत रिपीटर बसवता येतो. पण रिपीटरसाठी वारंवारतेच्या जोड्या आहेत फक्त आठ. प्रत्येक हौशी माणसाने आपल्या टेकडीवर एक बसवला की त्याच आठ जोड्यांवर एकमेकांचे आवाज एकमेकांवर आदळणारच. ऑस्ट्रेलियाने दुसरी पद्धत घेतली. तिथे ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ऐंशी चॅनेलांचा सिटिझन बँड शेतकरी, ट्रकचालक आणि प्रवासी असे सगळे वापरतात. त्यातले ठराविक चॅनेल रिपीटरसाठी राखलेले आहेत आणि पाच व पस्तीस ही जोडी फक्त आणीबाणीसाठी ठेवायची असा नियम आहे. माझ्या मते आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट तिसरीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने उत्तर कॅरोलिनाचा डोंगराळ पश्चिम भाग उद्ध्वस्त केला, रस्ते, वीज आणि मोबाइल सगळे गेले, तेव्हा माउंट मिचेल या दोन हजार मीटरहून उंच शिखरावरचा हॅम मंडळींचा एक रिपीटर चालू राहिला आणि दिवसेंदिवस लोकांचे निरोप पोचवत राहिला. त्याचे यश उंचीचे होते, तसेच सवयीचेही. वादळाच्या आधी वर्षानुवर्षे माणसे त्यावर बोलत होती. कोण कुठे राहतो, कोणाचा आवाज कोणता, हे ठाऊक होते. आणि ज्या घटनेने भारतात हॅमचे नाव सामान्य माणसापर्यंत गेले, त्या डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात रिपीटरचा संबंधच नव्हता: भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये आधीच संच लावून बसले होते, आणि शेकडो किलोमीटर जाणाऱ्या लघुलहरींवर त्यांनी निरोप धाडले. म्हणजे दूरचा निरोप लघुलहरींचा, वाड्यावरचा निरोप हातातल्या संचाचा, आणि या दोन्हींच्या मधली तालुक्याएवढी फट रिपीटरची.

आता हौशी मंडळींचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद घेऊ. ते म्हणतात, आधी रिपीटर बसवा, मग माणसे येतील; नव्याने परवाना काढलेल्या पोराला संच उघडल्यावर शांतताच ऐकू आली तर तो महिन्याभरात संच विकून टाकेल. यात तथ्य आहे. डोंगरांनी तुटलेल्या तालुक्यात हातातल्या संचावर पहिले वर्षभर कोणीच सापडत नाही हे खरेच आहे. तरीही त्यावरून 'अधिक रिपीटर' हा निष्कर्ष निघत नाही. फार तर 'एक रिपीटर लवकर' एवढाच निघतो. थोडकी माणसे चार रिपीटरांवर विखुरली की चारही मुके होतात, आणि मुका रिपीटर कधी बंद पडला हे कोणाला कळतही नाही. गोव्याला हे समजायला फार लांब जायला नको. खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, गावकीच्या ताब्यात होत्या तोवर खारे पाणी आत येत नव्हते, कारण कोणत्या रात्री कोणी पहारा द्यायचा आणि बांधाला भगदाड पडले तर माती कोणी आणायची हे ठरलेले होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी विस्कळीत झाली आणि कित्येक बांध फुटले ते पैशाअभावी नव्हे, तर 'हे काम कोणाचे' हे न ठरल्यामुळे. सड्यावरच्या रिपीटरचे याहून वेगळे काही होणार नाही. एका उत्साही माणसाने स्वतःच्या खर्चाने बसवलेला रिपीटर त्याची बदली झाली, तो आजारी पडला किंवा कंटाळला की संपतो. तेव्हा पहिला प्रश्न मालकीचा आणि देखभालीचा. संख्येचा प्रश्न त्यानंतर येतो.

देखभाल म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सभेत देणगी जाहीर करणाऱ्यांना हा भाग दिसत नाही. पंचवीस वॅटांचा साधा रिपीटर नुसता ऐकत असताना बारा व्होल्टांवर अर्धा अँपिअर खातो असे धरा, आणि बोलताना आठ. पुराच्या दिवशी दर तासात नऊ-दहा मिनिटे तो बोलत राहिला, तर सरासरी दीड अँपिअरच्या थोडी वर जाते, म्हणजे दिवसाला चाळीस अँपिअर-तासांच्या आसपास. शिशाची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून ती सव्वा दिवस पुरेल. तौक्तेसारखे तीन दिवस काढायचे तर अशा अडीच बॅटऱ्या, म्हणजे व्यवहारात तीन. सौर पॅनेल लावू म्हणाल, तर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात नेमके जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसत नाही; हिवाळ्याच्या हिशेबाने लावलेले पॅनेल तेव्हा चौथा हिस्सा वीज दिली तरी पुष्कळ. त्यात सड्याचा दगड. वरचा जांभा इतका कडक आणि कोरडा की विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. मेमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात वीज मनोऱ्यावर पडली तर ती यंत्रातून वाट काढते. अर्थिंगसाठी सड्यावर एक खड्डा खणून भागत नाही. तांब्याची पट्टी उताराकडे, मातीच्या जागेपर्यंत न्यावी लागते आणि दर पावसाळ्यापूर्वी तिची मोजणी करावी लागते. समुद्रावरून येणारी खारी हवा जोडण्या खाते ते वेगळेच. रिपीटरची खरेदी लाखाच्या घरात उरकते. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात सड्यावर चढून हे सगळे तपासणारी चार माणसे लागतात, आणि ती मिळवणे हेच खरे अवघड काम आहे.

बसवायचा तर कुठे? नकाशा पाहिला की बोट सरळ मोपाच्या सड्यावर जाते: उंची आहे, तिळारीच्या खोऱ्याकडे तोंड आहे, उत्तरेला बांदा आणि सावंतवाडीकडचा मुलूख समोर. पण तिथे आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळाभोवतीच्या खांबांना उंचीची मर्यादा असते आणि ना हरकत दाखला लागतो. शिवाय विमानांच्या बोलण्याचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा हॅमच्या पट्ट्याला जवळचा, त्यामुळे तिथल्या यंत्रणेची स्वच्छता काटेकोर ठेवावी लागेल. पार्सेच्या बाजूचा सडा किनाऱ्याला बरा. हरमल, मांद्रे, केरी, तेरेखोल त्याच्या टप्प्यात येतील, पण साळ आणि इब्रामपूर दबून राहतील. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांनाच ऐकू येणार नसेल तर उपयोग काय? पूर्वेकडे वाघेरीसारखी सत्तरीतली उंची डिचोली आणि साखळीला उत्तम, पण तिथे अभयारण्य आणि वनखात्याची परवानगी आली. माझ्या दृष्टीने सर्वात योग्य जागा गोव्यातली नसेलही. दोडामार्गच्या बाजूच्या एखाद्या डोंगरावरून धरणाकडची वस्ती आणि गोव्यातले दोन्ही काठ एकत्र दिसत असतील, तर रिपीटर तिथेच बसावा आणि त्याची जबाबदारी दोन्ही राज्यांतल्या मंडळींनी वाटून घ्यावी. धरण संयुक्त प्रकल्प म्हणून बांधता आले, तर त्याच्या खालच्या अंगाला एक खांब संयुक्तपणे उभा करायला काय हरकत आहे? लहरी पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाहीत. परवाना केंद्राचा आहे, राज्याचा नाही, हे इथे सोयीचेच पडते.

सरकारी खात्यांकडून येणारा आक्षेप वेगळा असतो: पोलिसांची स्वतःची बिनतारी यंत्रणा आहे, पेडणे आणि डिचोलीला अग्निशमन केंद्रे आहेत, मग नागरिकांनी मध्ये लुडबुड कशाला? या यंत्रणा चांगल्या आहेत आणि पुरात धावतात त्याच. पण त्यांचा संच ठाण्यात किंवा गाडीत असतो, वाड्यावर नसतो. ठाण्यापासून पणजीपर्यंतचा निरोप पक्का असला तरी वाड्यापासून ठाण्यापर्यंतचा मोबाइलवरच अवलंबून राहतो. हॅमने पोलिसांच्या वारंवारतेवर जायचेच नाही. त्याचा एक संच मामलेदाराच्या नियंत्रण कक्षात ठेवून तिथे परवानाधारक बसवायचा, एवढेच. नैसर्गिक आपत्तीत इतरांचे निरोप पोचवण्याची मुभा हौशी सेवेला नियमांनी दिलेलीच आहे.

सुरक्षेचा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. सीमेवरचा तालुका, नवा विमानतळ, परदेशी पर्यटक. अशा ठिकाणी अनोळखी आवाज हवेत असणे यंत्रणांना रुचणार नाही. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र जवळ बाळगल्याबद्दल कॅनडातल्या एका धावपटू महिलेला अडवले गेले. तिला हे भारतात बेकायदा आहे याची कल्पनाच नव्हती. तसे पाहता रेडिओचा धाक गोव्याला जुना आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीचे गुप्त प्रक्षेपण सुरू केले आणि ते मुक्तीपर्यंत चालवले. आणि १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाईदलाने पहिल्या काही तासांत ज्या जागा टिपल्या त्यांत बांबोळीचे बिनतारी केंद्र होते. ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक आहे त्याच्याकडे सत्ता संशयाने पाहते, त्याचे कारण आहे. पण हॅमचा रिपीटर या संशयाला उत्तर देतो तेवढे दुसरे कोणतेही साधन देत नाही: प्रत्येक बोलणारा परवानाधारक, दर थोड्या वेळाने स्वतःचे कॉलसाइन सांगणारा, आणि भाषा उघडी, कोणालाही ऐकता येणारी. धोका आहे तो बाजारातून आणलेल्या, परवाना नसलेल्या संचांचा. आणि माणसांना कायदेशीर वाट सोपी करून दिली नाही तर तेच संच वाढणार आहेत.

उपग्रहाशी थेट बोलणारे फोन येतील आणि हे सगळे जुनाट ठरेल, असेही कोणी म्हणेल. येतील तेव्हा बघू. त्याआधी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालणारी लोरा यंत्रे आहेत. ती मजकुराचे छोटे निरोप एकमेकांवरून उड्या मारत पुढे नेतात, वीज अत्यल्प खातात आणि नदीची पातळी दर दहा मिनिटांनी कळवायला उत्तम आहेत; त्यांच्यासाठी मी रिपीटरपेक्षाही लवकर पैसे खर्च करीन. इंटरनेटवरून जोडलेले डिजिटल रिपीटर मात्र मला इथे अनाठायी वाटतात. साखळीहून सिडनीला बोलता येते हे खरे, पण इंटरनेट गेले की ती जोडणी गेली, आणि आपण तर इंटरनेट गेल्यानंतरच्या दिवसाचा विचार करत आहोत.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि सगळा जोर तिथेच द्यायला हवा. पेडण्यात विर्नोड्याला शासकीय महाविद्यालय आहे, साखळीलाही आहे; दोन्हीकडे हॅमचा क्लब आणि क्लबचे केंद्र निघू शकते, आणि परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राहून फार पुढे जात नाही. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आहेत. त्यांच्यातल्या काहींना परवाना मिळवून दिला तर दोरखंड आणि संच एकाच माणसाच्या हाती येतील. नदीकाठच्या प्रत्येक पंचायतीत दोन परवानाधारक, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. मग आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी नेट भरवायची. सूत्रधार एकेका केंद्राला कॉलसाइनने हाक मारतो, समोरचा गाव सांगतो, पाणी कुठवर आहे ते सांगतो किंवा 'निरोप नाही' म्हणतो, आणि पुढच्याला जागा देतो. कोणाला तातडीचे काही असेल तर मधल्या क्षणभराच्या शांततेत 'ब्रेक' म्हणायचे आणि सगळ्यांनी थांबायचे. ऐकायला हा प्रकार अगदीच नीरस, पण पुराच्या रात्री दहा माणसे एकदम बोलू लागतात तेव्हा ज्याला थांबायची सवय आहे तोच उपयोगी पडतो. ही सवय रिपीटरशिवायही लागते. दोन टेकड्यांवर दोन माणसे उभी करून निरोप हाताने पुढे देता येतो, आणि रिपीटर बंद पडेल त्या दिवशी हेच करावे लागणार आहे.

खर्च करण्यापूर्वी एक चाचणी व्हावी, आणि ती डिसेंबरच्या स्वच्छ हवेत नव्हे, जुलैत, भिजलेल्या झाडांच्या मधून. परवानाधारक दोघे-दोघे मिळून साळ, इब्रामपूर, चांदेल, कोनाळकट्टा आणि डिचोली शहर अशा जागी उभे राहावेत. आधी थेट, मग सड्यावर तात्पुरता उभा केलेला रिपीटर लावून, कोण कोणाला ऐकतो याचा तक्ता करावा. तो तक्ता दोन्ही मामलेदारांच्या टेबलावर आणि दोडामार्गच्या तहसीलदाराकडे गेला पाहिजे. त्यात जिथे आवाज तुटतो तेवढ्याच जागेसाठी रिपीटर मागावा. आणि धरणाकडचा माणूस साळच्या माणसाला थेट, नुसत्या हातातल्या संचावर ऐकू आला, तर दुसऱ्या रिपीटरचा विषय त्याच दिवशी बंद करून ते पैसे बॅटऱ्यांना द्यावेत.